कुंदाची विहीर आणि माझं मांजर

सांगू की नको, सांगू की नको करत दोन महिने मी तोंड दाबून बसले होते. पण आता तुम्ही चहा पुढे केलाच आहे आणि वर विचारताय, "माई, घरी बसून बघण्यासारखी एखादी चांगली मालिका सुचवा की!" मालिका राहू दे बाजूला. मालिका सुचवून माझी जी शोभा झाली ती आधी ऐका. मग ठरवा, माझ्याकडून काही सुचवून घ्यायचं की नाही ते.

तुम्हाला माहीतच आहे, मी चौतीस वर्षं मालवणच्या पोस्टात खिडकीवर बसले. पाकिटावरचं अक्षर बघून सांगायची, हे कोणी कोणाला लिहिलंय. अख्ख्या तालुक्याचे पिनकोड तोंडपाठ. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतो, नाही का? माझा गर्व म्हणजे माझी आठवण.

हे गेले, मुलगा पुण्याला. घरात मी आणि पंखा. मागच्या दिवाळीत मुलगा आला आणि जाताना भिंतीवर भलामोठा टीव्ही लावून गेला. "आई, आता आठवडाभर वाट बघायची गरज नाही. सगळे भाग एकदम बघायचे!" मला ते पटेना. मालिका काय जांभळं आहेत, मूठ मूठ तोंडात टाकायला?

पण लावली एक. अहो, काय ती गोष्ट! डोंगरातलं जुनं घर, पुढ्यात आपल्या धामापुरासारखं तळं, आणि घरातली धाकटी बहीण एके सकाळी नाहीशी. एक काटकुळा पोलीस तिला शोधतोय. घरातली स्वैपाकीण सगळं जाणून आहे, पण बोलत नाही. आणि एक पांढरं मांजर, जे बरोब्बर नको तिथे जाऊन बसतं.

तीन भाग झाले आणि मला राहवेना. चांगली गोष्ट बघितली आणि कोणाला सांगितली नाही, तर ती पोटात दुखते की नाही? मी फोन उचलला आणि कुडाळला कुंदाला लावला.

कुंदा म्हणजे माझी मसुऱ्याची मैत्रीण. आमच्या वाडीत पहिला टीव्ही आला तेव्हा आम्ही दोघी विशीतल्या, लग्नं ठरायची होती. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्यांनी तो आणला होता. पेटीएवढा, काळा-पांढरा, आणि वर चक्क शटर! रविवारी त्यांच्या ओटीवर अर्धी वाडी. आम्ही दोघी सारवलेल्या जमिनीवर पुढच्या रांगेत, गुडघ्याला गुडघा लावून. अँटेना माडाला बांधलेली. वारा आला की पडद्यावर मुंग्या. मग कुंदा पदर खोचून बाहेर धावायची, माड हलवायची आणि तिथून ओरडायची, "इला काय गो? इला काय?"

आणि ऐन रंगात लाइट जायची. मग परतताना शेताच्या बांधावरून चालता चालता कुंदा पुढची गोष्ट स्वतःच रचून सांगायची. पुढच्या रविवारी खरी गोष्ट निघायची ती हिच्यापेक्षा मिळमिळीत! मग आठवडाभर, पाणी भरताना, भात कांडताना, एकच विषय: आता काय होणार?

मग लग्नं झाली. ती कुडाळात, मी मालवणात. तासाभराचं अंतर, पण संसार मध्ये पडला की तासाचे महिने होतात. अलीकडे तर फोनवर नुसतं, "बरी आसंस?" "बरी आसंय." संपलं. म्हणून म्हणते, त्या दिवशी मी नुसती मालिका सुचवत नव्हते हो. मला माझी कुंदा परत हवी होती.

"अगो, बघच तू," मी म्हटलं. ती बोलायला लागली की मी पोस्टातली मराठी विसरते. "नाव इंग्रजीत आसा, ता सोड. चित्र सांगतंय. लाल साडयेतली बाई, आमच्याकडे पाठ करून उभी. फुडे तळा, मागे जुना घर."

पाच मिनिटांत तिचा फोन. "गावली गो! लाल साडी, पाठ, पाणी. लावतंय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोब्बर तीनला फोन वाजला. "नलू! काय गो ती मालिका! माजो तर भात करपलो!"

आणि काय सांगू, त्या दिवसापासून रोज तीनचा फोन. तासभर! मी दोन वाजल्यापासून जेवण उरकून फोनजवळ बसायची. घरात माणूस आल्यासारखं वाटायला लागलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी कुंदा म्हणाली, "तो पोलीस मेलो काय कामाचो! पोट बघलंस त्येचा?"

पोट? आमचा पोलीस तर सुकलेल्या बोंबलासारखा. पण म्हटलं, गणवेश ढगळ असेल. हिला चष्म्याचा नंबर काढायला हवा.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आणि काकीन त्या पोराक विहिरीत ढकलल्यान, तेव्हा माजा काळीजच थांबला!"

आँ? कुठली काकी? कुठली विहीर? कोण पोर?

आता मला सांगा, शहाण्या बाईने काय करावं? विचारावं, "अगो, खयची विहीर?" एवढंच! एवढं विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचा चहा गरम राहिला असता. पण मी! पोस्टातली नलिनीबाई! मी विसरले म्हणून कबूल करू?

मी म्हटलं, "होय गो होय! काय ती विहीर! केवढी खोल!"

फोन ठेवला आणि तो भाग पहिल्यापासून परत लावला. विहीर नाही. परत लावला, डोळ्यांना पाणी लावून. तळं आहे, मांजर आहे, साधी बादली आहे, पण विहीर नाही! म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरून जातेय आणि डोक्यात राहत नाहीये?

खरं सांगते, मी टीव्हीच बंद केला. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. शेवटची दोन वर्षं ती मला तिच्या नणंदेच्या नावाने हाक मारायची, आणि मी ओ द्यायची.

मग मी एक वही सुरू केली. भाग अमुक, कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं, सगळं नीट अक्षरात. तीनला कुंदाचा फोन आला की वही उघडून बसायची. आणि तिचं एक वाक्य वहीशी जुळेल तर शपथ! ती म्हणायची वकिलाने मृत्युपत्र जाळलं. माझ्या वहीत वकीलच नाही. ती म्हणायची सुनेचा पत्ता लागला. माझ्या वहीत सून नाही, बहीण. आणि मी प्रत्येक वेळी, "होय गो, काय तो वकील!"

एकदा मीच धीर करून विषय काढला. "कुंदा, ता पांढरा मांजर काल स्वैपाकघरात कित्याक गेला असात?"

कुंदा म्हणाली, "होय गो... मांजर. बरा आसा मांजर." आणि थोडं थांबून, अगदी लोण्यासारख्या आवाजात, "नलू, तू जेवलंस मां? गॅस बंद केलंस मां?"

कुंदा जन्मात कधी लोण्यासारखी बोललेली नाही! मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, बघा, तिच्याही लक्षात आलं.

त्यानंतर मला जळी स्थळी विसरभोळेपणा दिसायला लागला. चष्मा फ्रिजवर सापडला, की गेली बुद्धी. आमटीत दोनदा मीठ पडलं, की गेली बुद्धी. शेवटी ठरवलं, डॉक्टरला दाखवायचं. मालवणात नको, तिथे आपण दवाखान्यातून बाहेर यायच्या आधी आपला आजार बाजारात पोचतो. कुडाळात एक मेंदूचे डॉक्टर बसतात असं ऐकलं होतं. कुंदाला काही बोलले नाही. सकाळची एसटी पकडली, दहाला कुडाळात उतरले आणि दवाखान्यात गेले.

टेबलामागच्या मुलीला म्हटलं, "नाव लिहा. नलिनी सावंत, मालवण."

तिने वही बघितली. "मावशी, तुमचं नाव आहे की आधीच. आठ नंबर. सकाळी तुम्हीच देऊन गेलात ना?"

अहो, मी? मी सकाळी इथे येऊन गेले? मग एसटीत बसले ती कोण? मी सकाळी आले, नाव दिलं, परत मालवणला गेले, विसरले आणि परत आले? त्या मुलीने मला धरून बाकावर बसवलं. मी मनातल्या मनात पिनकोड म्हणायला लागले. मसुरे, कट्टा, आचरा. सगळे येत होते, पण आता त्यांच्यावरही भरवसा उरला नव्हता. डोळे मिटून मुलाला काय आणि कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत बसले.

"नलिनी सावंत!"

मी उठले. आणि त्याच वेळी दारातून भाजीची पिशवी सावरत एक बाई धावत आत. "इलंय, इलंय! मीच ती!"

कुंदा!

"तू गो हय खंय?" ती ओरडली.

"तू खंय?" मी ओरडले. "आणि तू नलिनी कधीपासून?"

कुंदाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही तशाच आत गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने दोघींकडे बघितलं आणि विचारलं, "त्रास कोणाला आहे?"

मी माझ्याकडे बोट दाखवलं. कुंदानेही माझ्याकडेच दाखवलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा आमचं कशावर तरी एकमत झालं.

त्याने मला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. पाच वस्तू सांगून दहा मिनिटांनी परत विचारल्या. मी पाच सांगितल्या आणि वर देवगडचा पिनकोड. पेन खाली ठेवून तो म्हणाला, "मावशी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे. तुम्हाला अडचण नक्की कसली?"

"विहीर," मी म्हटलं.

"मांजर," कुंदा म्हणाली.

मग दोघी एकदमच सुरू झालो. मी म्हणतेय काकी नाही, ती म्हणतेय मांजर नाही. मी पिशवीतून वही काढली. बाहेर पुढचे नंबर ताटकळलेले. डॉक्टर एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी त्याने हात वर केला, मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि आमच्यापुढे धरला.

पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं. दोन्हींत लाल साडीतली बाई. दोन्ही बाया पाठमोऱ्या. दोन्हींपुढे पाणी, मागे जुनं घर.

"यातली कुठली?"

मी डावीवर बोट ठेवलं. कुंदाने उजवीवर.

डॉक्टर तोंड खिडकीकडे करून खोकायला लागला. तो खोकला नव्हता, हे मला पिनकोडाइतकं स्पष्ट कळलं.

बाहेर पडलो आणि समोरच्या हॉटेलात भजी मागवली. हसून हसून दोघींच्या डोळ्यांना पाणी. जरा दम खाल्ल्यावर कुंदा म्हणाली, "माका एक सांग. मांजराक मी होय म्हटलंय, कारण माका तुजी दया इली. म्हटला, गेली बिचारी, वाद कित्याक घालूचो? म्हणान तर डॉक्टराक विचारूक तुज्या नावान नंबर लावलंय. पण तुज्यात विहीर नव्हतीच, तर 'केवढी खोल' कित्याक म्हटलंस?"

मी भजी खाल्ली. दुसरं काय करणार? तिने दयेने होय म्हटलं आणि मी तोऱ्याने. हे बोलायला काही सोपं नाही हो.

त्या दिवशी मी तिच्याकडेच राहिले. तिच्या सुनेने सोफ्यावर बसा म्हणून किती आग्रह केला! पण आम्ही खाली चटई टाकली आणि गुडघ्याला गुडघा लावून दोन्ही मालिका पहिल्यापासून लावल्या. कुंदाची माझ्यापेक्षा चांगली होती. हे तिला सांगू नका. आणि मधेच लाइट गेली तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच एकमेकींकडे बघितलं. "सांग," मी म्हटलं. आणि साठी उलटलेल्या कुंदाने, पदर खोचून, पुढची गोष्ट सांगायला घेतली. तशी गोष्ट कुठल्याही टीव्हीवर मिळणार नाही, म्हणून तुम्हाला सुचवूही शकत नाही.

निघताना मात्र ती जरा चुळबुळली. "नलू, एक चूक झाली. तुज्या शेजारच्या प्रभाक मी फोन करून सांगलंय, हिच्यावर लक्ष ठेव म्हणान. पण कोणाक सांगू नको, असा बजावलंय हां!"

प्रभाला कोणाला सांगू नको म्हणणं म्हणजे भोंगा लावणं!

मालवणात उतरले तर गल्लीतला प्रत्येक माणूस माझ्यापुढे थांबून स्वतःची ओळख करून देतोय. "माई, मी बाबल. बा-ब-ल. तुमच्या समोर रवतंय." चाळीस वर्षं समोर राहतो मेला! मासळीबाजारात गेले तर मासेवाली शालन कोळंबी सोडून उठली, माझ्या डोळ्यांसमोर एक मासा धरला आणि मोठ्याने म्हणाली, "माई, ह्यो बांगडो. बां-ग-डो."

मग मात्र मी भडकले. सगळ्या बाजारासमोर शालनला तिच्या आजीपासूनची वंशावळ म्हणून दाखवली. तिच्या नवऱ्याची मुंबईहून पहिली मनीऑर्डर कुठल्या महिन्यात आली तेही सांगितलं. तिच्या टोपलीतले बारा प्रकारचे मासे नावानिशी ओळखले. शेवटी म्हटलं, "आता कळला? नलिनीक काय्येक विसराक होणा नाय!" आणि मान ताठ करून घरी आले. खोबरं वाटलं, तिरफळं काढली, तवा तापवला, आणि पिशवी उघडली.

पिशवीत नुसती कोथिंबीर. पैसे मोजून घेतलेले बांगडे शालनच्या टोपलीवरच राहिले होते.