पंपहाऊसची ओटी

सांगलीत घाटाशेजारीच शहराचा नाला सरळ कृष्णेत पडायचा. सत्तरच्या दशकात मी नगरपालिकेत ओव्हरसियर होतो आणि ते पाणी अडवायचं काम माझ्याकडे आलं. नाल्याला बांध घालायचा, पाणी जाळीतून गाळून हौदात घ्यायचं, पंपाने उचलून गावाबाहेरच्या तळ्यांत सोडायचं आणि गाळ खाली बसला की वरचं पाणी उसाला द्यायचं. आज याचं कुणाला नवल वाटणार नाही. तेव्हा मात्र घाण उपसायला वीज जाळणारा खुळा म्हणून मी गावभर गाजलो होतो.

लोकांचं मी मनावर घेत नव्हतो. घरातलं घ्यावं लागे. बायको साताऱ्याकडची, कृष्णाकाठच्याच गावातली. खण-नारळाने नदीची ओटी भरायची तिची माहेरची सवय. लग्नानंतर पहिल्यांदा घाटावर गेली, नाल्याचं तोंड बघितलं आणि भरलेलं ताट तसंच घरी घेऊन आली.

“आवं, हितं कुठं भरू? त्या घाणीत?”

तेव्हापासून ओटी भरायला ती माहेरची एसटी धरायची. नदी आपल्या दारात आणि ओटी मात्र परगावी, हे मला फार लागायचं. काम सुरू झालं तेव्हा मी तिला शब्द दिला, आता ओटी सांगलीतच भरशील.

पंप सुरू करायच्या दिवशी निम्मं गाव जमलं. साहेबांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं. नाल्याचं पाणी पाइपातून गावाबाहेर निघालं आणि मी छाती काढून उभा राहिलो. तेवढ्यात पंप घरघरला आणि बंद पडला. बांधामागे पाणी चढायला लागलं. बांधावरून गेलं असतं तर पुन्हा नदीतच पडलं असतं, तेही सगळ्यांच्या देखत.

“नाल्याला कुठं मोटार लावत्यात व्हय रं?” मागून कुणीतरी म्हणालंच.

माझी सटकली. शर्ट काढून फेकला, फिटरबरोबर पंपाचं झाकण खोललं आणि आत हात घातला. पात्यांना हिरवा खण गुंडाळला होता. तो आमच्याच घरातला होता.

बायको गर्दीत उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, “हिरीवर नवी मोटार बसली की आमी ओटी भरतोच की. तुमची मोटार काय परकी हाय?”

“अगं, पण जाळीच्या आत कशाला टाकलास?”

“भायेर लय घाण हुती. ओटी काय घाणीत सोडायची?”

ती घाण बाहेर राहावी म्हणूनच मी जाळी बसवली होती! फिटर आधी हसला, मग मलाही आवरेना. पंप पुन्हा सुरू केला तेव्हा पाणी बांधाच्या काठाला टेकलं होतं. ते हळूहळू उतरत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन घाटावर निघाली. मी मागोमाग गेलो. नाल्याचं तोंड कोरडं पडलं होतं. त्याच्या दगडाला तिने आधी हळदकुंकू लावलं, मग पायरी उतरून नदीची ओटी भरली. साहेबांनी शाबासकी दिली तेव्हाही मला एवढं भरून आलं नव्हतं.

“माज्या आईला सांगावा धाडा,” ती पदर सावरत म्हणाली, “आता ओटीसाठी मी काय यायची न्हाई.”