अंगठ्याआधीचा कागद

“अंगूठा किधर लगाना है, साब?”

शेजारच्या बाकावरच्या माणसाने हसून विचारलं. मी पासपोर्टच्या चौकशीसाठी भिवंडीतल्या एका पोलीस ठाण्यात बसले होते. त्याला बांगलादेशी म्हणून कापड विणायच्या लूमच्या कारखान्यातून धरून आणलं होतं. तो खरंच कुठला होता, मला आजही माहीत नाही. त्याच्या भुवयांवर कापूस होता आणि बोटं तुटलेल्या धाग्याला गाठ मारल्यासारखी सारखी हलत होती.

“समजलं ना काय लिहिलंय?” टेबलामागच्या हवालदारांनी त्याला विचारलं.

“कारखाने के मुनीम, मेहताजी, हजेरी का कागज रखते हैं, हम लगा देते हैं. बीस साल से कभी पूछा नहीं.”

इंग्रजी शाळेमुळे मी मराठी हळू वाचते. अक्षरं जुळवत टेबलावरचा कागद वाचला: ‘अटकेचं कारण मला समजेल अशा भाषेत सांगितलं. मला वकील नको.’

इतक्या भरवशाने कुणी आपला हक्क देऊन टाकतं?

त्याने अंगठा शाईत बुडवला. माझा अर्जही याच हवालदारांपुढे होता. तरी मी उठले.

“चाचा, रुको! इसमें लिखा है, आपको वकील नहीं चाहिए.”