घूस, टाचणी आणि आमचा गवंडी

एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी वारली. महिन्याभराने मी गवंड्याला बोलावलं. भिंतीखालचं घुशीचं बीळ बुजवायचं होतं, आणि अंगणातला तिचा कमळाचा हौदही. त्या हौदाकडे मला बघवत नव्हतं.

हा गवंडी आमच्या गल्लीत नेहमीचा. आधी चहा, मग गप्पा, उरलेल्या वेळात काम. बिळात काचा आणि सिमेंट कोंबून तो हौदाच्या कठड्यावर बसला. पाण्यावर दोन निळ्या टाचण्या, चतुराच्या जातीचे ते बारीक किडे, उडत होत्या.

"सर, घुशीचं बरं असतंय. हितलं बीळ बुजवलं की ती तितं उकरती. टाचणी कमळाच्या देठात अंडी घालती. पाणी गेलं की संपलंच की तिचं."

"तुला रे काय ठाऊक?"

"तुमी पुस्तकं वाचता, आमी हौद बांधतो."

त्या दिवशी वाळू कमी पडली. पुढच्या खेपेला तो थापी घरी विसरला. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, आणि नेमका त्याच दिवशी तो हजर व्हायचा. "बुजवायच्या आदी तडा कुटं हाय ते बघाया पाहिजे," असं म्हणत हौद काठोकाठ भरायचा. खोटं बोलण्यात इतका कच्चा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मीही त्याला कधी अडवलं नाही.

गेल्या आठवड्यात तो कामाला होटगीला गेला. नळाला पाणी आलं तेव्हा पाइप घेऊन मी अंगणात उतरलो.

आता हौद मी भरतो.