कुलपातली कुंभारीण

गल्लीतली पोरं त्यांना कुलूपकाका म्हणत. नाव चपखल होतं, कारण काकांचं स्वतःचं तोंड उघडायलाही किल्लीच लागायची. फक्त एका विषयावर ते सुटले की आवरायचे नाहीत. तो विषय म्हणजे कुंभारीण.

मडकी घडवणारी नव्हे, माशी. बारीक कमरेची, गांधीलमाशीच्या कुळातली, ओल्या मातीची गोळी तोंडात धरून येणारी. बरेच दिवस न उघडलेलं कुलूप दिसलं की ती किल्लीच्या भोकातून आत शिरते, कोठड्या बांधते, एकेका कोठडीत एकेक अंडं टांगते, शेजारी हिरव्या अळ्या कोंबते आणि वर मातीचं बूच मारते. अळ्या मेलेल्या नसतात, डंख मारून लुळ्या केलेल्या असतात. म्हणजे पिल्लाला रोज ताजं जेवण. "आपल्याकडे फ्रिज आला काल-परवा," काका गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "हिच्याकडे कधीपासूनचा आहे बघा!"

हे ज्ञान त्यांना मिळालं ते शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंकडून. बाईंच्या अडगळीच्या खोलीच्या कुलपात कुणीतरी चिखल कोंबला, म्हणून काकांना बोलावणं आलं होतं. काकांनी कुलपाचा पत्रा उचकटला, तर आत तीन कोठड्या आणि सात अळ्या. सुई लावली तशी एक अळी जराशी हलली. बाईंनी भिंग आणून सगळा संसार समजावून सांगितला आणि काकांना नादच लागला. दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी सहा तऱ्हेची कुलपं मुद्दाम टांगली आणि फुरसत मिळाली की समोर उकिडवे बसू लागले. पितळ असो की लोखंड, तिला सगळं सारखंच. भोकावर झाकणी असली तर मात्र ती फिरकत नाही. माती थापताना बारीक गुणगुणते. हे सगळं त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात, असेच उकिडवे बसलेले असताना, त्यांना आपल्याच दुकानाचं एक जुनं कुलूप आठवलं.

एकोणीस वर्षांपूर्वी हे दुकान दोन भावांचं होतं. काका थोरले, हातातल्या कानशीवर जीव टाकणारे. धाकट्याला किल्ल्या कापायचं मशीन हवं होतं. एका संध्याकाळी त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. धाकटा रुसून घरी बसला, काकांना ताप भरला आणि दुकान आठवडाभर बंद राहिलं. बरं वाटल्यावर काका गेले, तर दुकानाच्याच कुलपात माती, वरून बोटानं सारवल्यासारखी गुळगुळीत. त्यांनी तार घालून उकरून पाहिलं. जमेना. कुलूपवाल्याला आपलंच दुकान उघडता येत नाही म्हटल्यावर शेजारचे दुकानदार पोट धरून हसले. तेवढ्यात धाकटाही येऊन उभा राहिला. काकांनी पुन्हा एकदा तार घालून पाहिली, मग करवतीनं कडी कापली आणि चारचौघांत कडाडले, "हे तुझंच काम!"

धाकट्यानं खाली पाहिलं, आपली कानस पिशवीत टाकली आणि गेला. पुढे गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यानं टपरी टाकली. नातलगांकडे समोरासमोर आले तरी दोघे एकमेकांशी बोलत नसत.

कुलूपवाला काही म्हणजे काही फेकत नाही. काकांनी भंगाराचा डबा पालथा केला. ते कुलूप तळाशी होतं. पत्रा काढला, तर आत दोन कोठड्या. एकीत वाळलेल्या अळ्यांचं भुसकट, दुसरीच्या बुचाला गोल भोक. तिच्यातली माशी कधीच बाहेर पडून गेली होती. काका डोक्याला हात लावून बसले.

लगेच भावाकडे धावले असतील, असं वाटेल. छे! वर्ष गेलं. गिऱ्हाइकांना कुंभारणीच्या गोष्टी सांगायला तोंड होतं, भावासमोर जायला नव्हतं. शेवटी काकूच म्हणाल्या, "दुनियाभर त्या माशीची वकिली करत फिरता. आमच्या भाऊजींचा खटला तेवढा पडून राहिलाय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका धाकट्याच्या टपरीत शिरले. मशीन घरघरत होतं. धाकट्याचे केस पांढरे झाले होते, ते इतक्या जवळून त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांनी ते उघडलेलं कुलूप त्याच्यासमोर ठेवलं.

"कुंभारीण होती," ते कसंबसं म्हणाले.

धाकट्यानं कुलपाला हातही लावला नाही. "ठाऊक आहे. तू तार घातलीस तेव्हा मातीबरोबर एक हिरवी अळी पडली होती, तुझ्या चपलेपाशी. तेव्हाच कळलं, हे किड्याचं काम."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे, दादा? तू तर सांगून मोकळा झालास. चारचौघांत."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अळ्यांचे पाय मोजणाऱ्या माणसानं भावाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

"मग आता विचारतो," ते म्हणाले. "ते तू केलं होतंस का रे?"

धाकट्यानं मशीन बंद केलं.

"नाही, दादा," तो म्हणाला, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.

रस्त्यावरचे दोघे-तिघे थबकून आत बघू लागले. काकांनी टपरीची फळी खाली ओढली आणि ते भावाशेजारी बसले.