आभाळ निरभ्र, पाण्यात उतरू नये

माझ्या दिराने माझा फळा पहिल्यांदा पुसला तो ओल्या हाताने. मी आत घावनांचं पीठ ढवळत होते. बाहेर आले तर फळ्यावर नुसता पांढरा चिखल, आणि दीर पँटीला हात पुसत बोटीकडे चाललेले.

“भावोजी, काय झालं?” मी विचारलं.

त्यांनी वळून बघितलं नाही. “काय व्हायचंय? गिऱ्हाईक वाचतंय नि परत जातंय.”

आमचं गाव रत्नागिरीहून जयगडला जाताना लागतं. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, सरळसोट आहे. दोन्हीकडे ना डोंगराचं नाक, ना खडकाची आड. पश्चिमेकडून जे येईल ते थेट अंगावर येतं. सुरूच्या बनाला लागून माझी खाणावळ आहे, माडाच्या झापांच्या मांडवाची. पुढे उतारावर दिराच्या बोटी असतात. एक मोठी वेगाची बोट, तिच्यामागे ओढायची ती केळ्याच्या आकाराची रबरी, आणि पाण्यावरच्या दोन स्कूटर. पावसाळा सोडून वर्षभर त्यांचा धंदा त्यावर चाले. तिकिटं फाडायला माझी धाकटी जाऊ छत्रीखाली बसायची. आमची घरं एकाच गडग्याच्या आत, विहीर एकच, पंपाचं बटण मात्र त्यांच्या पडवीत.

मला समुद्राचा अंदाज वाचता येऊ लागला तो माझ्या नवऱ्यामुळे. हे मालवाहू जहाजावर इंजिनात काम करतात. एका सुट्टीत त्यांनी माझ्या फोनवर एक नकाशा उघडून दिला. त्यावर रंग होते, बाण होते. म्हणाले, “माझी बोट कुठे आहे ते कळवीन, तू बघत जा तिथला पाणी कसा आहे ते.” मी बघायला लागले ती काळजीने, मग सवयीने. आणि बघता बघता मला एक गोष्ट कळली. खाली दक्षिणेकडे, जिथे जमीनच नाही अशा समुद्रात, मोठं वादळ झालं की त्या लाटा चालत राहतात. वादळ तिथेच विरतं, लाटा विरत नाहीत. आठवड्याभराने त्या आमच्या पुळणीवर येतात. यांच्या जहाजाला जिने झोडपलं तीच लाट, म्हणू या, माझ्या दारात यायची. तेव्हा इथे वारा नसतो, ढग नसतो. आभाळ धुतल्यासारखं असतं. लाटा उंच दिसत नाहीत, पण दोन लाटांमधला वेळ लांबतो आणि प्रत्येक लाट आपल्याबरोबर खूप पाणी घेऊन येते. ते पाणी परत जाताना वाळूत खोदलेल्या वाटेने जातं, आणि त्या वाटेत उभा असलेला माणूसही त्याच्याबरोबर जातो.

आधी मी जेवायला येणाऱ्यांना तोंडी सांगायचे. मग फळा टांगला. सकाळी नकाशा, सरकारी इशारा आणि प्रत्यक्ष पाणी, तिन्ही बघून दोन-तीन ओळी लिहायच्या. वारा कुठला, भरती कधी, पाणी कसं. बहुतेक दिवशी “आज समुद्र शांत” असंच लिहिलेलं असे, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे.

फळा पुसला गेल्यावर मी परत लिहिला. त्यांनी परत पुसला. मग त्यांनी येणाऱ्या गाड्यांना वरच्या वळणावरच सांगायला सुरुवात केली, की खालच्या खाणावळीतली बाई घाबरट आहे, तिचं ऐकू नका. एकदा तर माझ्याच मांडवात, मी बांगडा वाढत असताना, पुण्याच्या गाडीतून आलेला एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला, “मावशी, आम्ही इतक्या लांबून फळा वाचायला आलोय का? आभाळ बघा ना जरा.” टेबलावरचे सगळे हसले. मी म्हटलं, “आभाळातून पाणी येणार नाही आज. समोरून येईल.” त्यावर ते जास्तच हसले. आणि त्या दिवशी समोरूनही काही आलं नाही. भरती आली, गेली, मुलं किनाऱ्यावर खेळली, दिराच्या बोटीने फेऱ्या मारल्या. संध्याकाळी जाऊ माझ्या मांडवावरून जाताना कुणाला तरी म्हणाली, “आज बुडाले सगळे, बघितलंस ना?”

अंदाज असाच असतो. दहा वेळा लाट बाहेरच बसून जाते. पण हे मी कुणाला सांगणार? त्या दिवसापासून माझ्या नळाला पाणी येईना. पंप चालू असल्याचा आवाज यायचा, माझी टाकी कोरडी. मी गेले विचारायला. जाऊ पडवीत तांदूळ निवडत होती.

“वाल्व खराब झालाय,” ती म्हणाली.

“कधी दुरुस्त होईल?”

“तुझ्या फोनात बघ की. त्यात सगळा दिसतो ना तुला.”

मी विहिरीवरून शेंदून पाणी आणायला लागले. खाणावळ चालवणाऱ्या बाईला शेंदलेलं पाणी किती पुरणार? दुपारी हात वर उचलवत नसत. आई म्हणाली असती, सोड तो फळा, घरात राहायचंय तुला. मलाही रोज सकाळी वाटायचं, आज नको. मग खडू हातात यायचाच. त्यात आता हट्टही होता, हे खरं. मला त्यांचा राग आला होता, आणि राग आला की मी जास्त सुवाच्य लिहिते.

मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत, यांचा फोन आला. आवाज तुटत होता. जहाज आफ्रिकेच्या खालून येत होतं. “तीन दिवस ताटात भात राहत नाय,” म्हणाले. “असला समुद्र मी बघितला नव्हता.” मी नकाशा उघडला. जिथे हे होते तिथे जांभळा डाग होता, आणि त्याच्या कडेने निघालेले बाण सरळ वर, आमच्या दिशेने. मी मनात दिवस मोजले. शनिवार-रविवार. वर उधाणाची भरती.

शुक्रवारी मी दिराकडे स्वतः गेले. ते बोटीचं इंजिन उघडून बसले होते.

“भावोजी, भांडायला आले नाही. फक्त उद्या-परवाची दुपार बोट वर ओढून ठेवा.”

“सुट्टीतला शनिवार-रविवार?” त्यांनी पाना खाली ठेवला. “वहिनी, तुला आमचं पोट दिसत नाय का? सहा माणसं आहेत माझ्याकडे. त्यांना काय फळा खायला घालू?”

“सरकारचापण इशारा आहे. मीच म्हणत नाही.”

“सरकार रोजच इशारा देतो. या पाण्यात माझा जन्म गेला. तू घाटावरून आलीस, तू मला समुद्र शिकवतेस?”

माझं माहेर संगमेश्वरच्या वर, डोंगरात. त्यांच्या लेखी समुद्र न दिसणारं सगळं घाटच. मी परत निघाले. जाताना ऐकू आलं, “दादा येऊ दे, मग बघतो हिला.”

शनिवारी काही झालं नाही. माझ्या तोंडावर सगळी पुळण हसली.

रविवारी सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा होता, पाणी तेलासारखं. मी लिहिलं: आभाळ निरभ्र, पाण्यात उतरू नये. दुपारच्या भरतीला लाटा वर येतील. लहान मुलांना सुरूच्या बनाच्या आत ठेवा. थोड्या वेळाने दिराचा एक माणूस आला, त्याने फळा खिळ्यावरून काढला, वाळूत पालथा टाकला आणि त्यावर पाय देऊन निघून गेला. मी उचलला नाही. मी बनाच्या कडेला उभी राहिले आणि येईल त्याला हाक मारून सांगत राहिले. कुणी ऐकलं, बऱ्याच जणांनी नाही. एक बाई मुलाला ओढत म्हणाली, “चल रे, ही येडी आहे.”

भरती भरत आली तेव्हा पहिल्यांदा बदलला तो आवाज. रोजचा सळसळ-सळसळ आवाज थांबला. मध्ये मोठी शांतता, मग एक धप्प, जो पायाखाली जाणवत होता. पाणी एकदम मागे गेलं, वाळूचा नेहमी न दिसणारा उतार उघडा पडला, आणि मुलं आनंदाने तिकडे धावली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

लाट उंच नव्हती. फेससुद्धा फारसा नव्हता. फक्त पाणी वर आलं आणि थांबलंच नाही. खुर्च्या, चपला, शहाळ्यांची गाडी, जावेची छत्री, सगळं उचलून बनापर्यंत आणलं. माझ्या मांडवाचा पुढचा खांब गेला. जी माणसं गुडघाभर पाण्यात होती ती आडवी झाली. दिराच्या माणसांनी, हे सांगायलाच हवं, त्या वेळी कसलाही विचार केला नाही. हाताला लागेल त्याला पकडून वर फेकत होते. ज्याने माझ्या फळ्यावर पाय दिला त्यानेच त्या मघाच्या बाईचा मुलगा काखेत धरून आणला.

दीर बोटीचा दोर धरून छातीभर पाण्यात उभे होते. दुसऱ्या लाटेने बोट उचलली, आडवी फिरवली आणि त्यांच्यावर टाकली. पाणी मागे फिरलं तेव्हा बोट वाळूत कलती बसली होती आणि तिच्याखालून त्यांचं कमरेपासून वरचं अंग दिसत होतं.

जाऊ आणि मी एकदमच पोचलो. एक हात तिने धरला, एक मी. चार-पाच पुरुषांनी बोटीला खांदा दिला. तिसरी लाट बाहेर उभी राहताना मला दिसत होती. “आता!” कुणीतरी ओरडलं, बोट जराशी उचलली गेली, आणि आम्ही दोघींनी त्यांना ओढलं. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. तिसरी लाट आमच्या गळ्यापर्यंत आली. जावेने एका हाताने नवरा आणि दुसऱ्या हाताने माझा पदर धरला होता. तो तिने सोडला नाही.

कुणाचा जीव गेला नाही. दिराचा पाय मांडीत मोडला, गुडघ्याचा चुरा झाला. गाडीत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, जाऊ पायाशी. रत्नागिरीपर्यंत ती त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून होती. दवाखान्याच्या दारात, स्ट्रेचर आत गेल्यावर, माझ्याकडे वळली. तिच्या केसांत वाळू होती.

“झाला तुझा समाधान?” ती म्हणाली.

मला वाटलं होतं, आता तरी लोक मानतील. तसं झालं नाही. अधिकारी आले, पंचनामे झाले, आमच्या पुळणीवरचे पाण्यातले खेळ बंद झाले. सहा माणसांचं काम गेलं. शहाळ्यांच्या गाडीचं गेलं, वरच्या लॉजमधल्या खोल्या रिकाम्या झाल्या. आणि गावात एकच बोलणं. काळ्या जिभेची बाई. लिहिलं नि तसंच घडवलं. पहिल्यांदा माझ्या कानावर आलं तेव्हा मी हसले. मग रोज दूध देणाऱ्या बाईने माझ्या दारात यायचं बंद केलं. तिची गाय व्यायची होती. एका सकाळी खाणावळीच्या उंबऱ्याशी माशांची आतडी टाकलेली, माश्या घोंघावतायत. मी शेंदलेल्या पाण्याने धुतली.

पावसाळ्यात हे सुट्टीवर आले. बॅग ठेवली आणि आधी भावाकडे गेले. जेवूनच आले. मी वाट बघत होते की निदान हे तरी म्हणतील, तू बरोबर होतीस. ज्या समुद्राने यांचं ताट उलटं केलं तोच तो. यांना सांगायची गरज नव्हती.

“एक वर्ष फळा राहू दे,” हे म्हणाले.

“का?”

“त्याचा पाय गेला गो. घरात शांतता राहील.”

“तुम्हाला माहीत आहे ना ती लाट कुठून आली?”

“माहीत आहे.” यांनी बॅगेचा पट्टा सोडवला. “म्हणून काय झालं? भाऊ आहे तो माझा.”

मी त्या दिवशी जेवले नाही आणि यांनी विचारलं नाही. सुट्टीभर हे सकाळ-संध्याकाळ भावाला धरून दारापुढच्या खळ्यात चालवत. मी चुलीपुढून बघायचे. गणपती दोन्ही घरांचा एकच, तो दिराकडे. आरतीला मी गेले. मला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पंगत बसली तेव्हा माझं पान पडवीत, चपलांच्या बाजूला मांडलेलं. मोदक दोन होते, तूप नव्हतं. मी सगळं संपवलं, पान उचललं आणि घरी आले. ऑक्टोबरात हे परत जहाजावर गेले. निघताना म्हणाले, “सांभाळून राहा.” मी म्हटलं, “तुम्हीपण.”

खांब नवा घातला, मांडव पुन्हा शाकारला. टाकीला पाणी मी आता बोअर मारून घेते, स्वतःच्या कमाईने. लिहिते रोज. दीर कुबडी घेऊन बनापर्यंत येतात, समुद्राकडे पाठ करून बसतात.

मध्यंतरी एका सकाळी जाऊ गडग्यापाशी येऊन उभी राहिली. पातळ नवं, हातात पिशवी. तिची आई खाडीपलीकडे असते, आजारी होती. जयगडहून फेरीबोटीने जावं लागतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या माडाकडे बघत होती.

“खाडीच्या तोंडाशी कसा आहे आज?” तिने विचारलं.

मी सांगितलं. सकाळी बरं आहे, दुपारनंतर वारा वाढेल, परत येणार असशील तर लवकर ये, नाहीतर उद्याच ये.

तिने मान हलवली. दोन पावलं गेली आणि थांबली.

“पाण्याचा विचारला,” ती म्हणाली. “तुझ्याशी बोलत नाय मी.”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं.

ती वळणावरून दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी परत आली.