चित्र द्यायचं, चित्रच परत

कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. रानातल्या जोयडा गावात दर रविवारी क्लास घ्यायला लागल्यापासून माझ्याकडे प्रोग्रॅम कमी आणि किस्सेच जास्त साठलेत!

*

नंदिगड्ड्याचे सोमाअण्णा भातशेती करतात, वय साठीच्या पुढे. मी शिकवत होतो, "फंक्शन चित्र घेतं आणि चित्रच परत देतं. म्हणून ते पुन्हा दुसऱ्या फंक्शनला देता येतं."

अण्णा लगेच म्हणाले, "उळवीच्या देवळागत व्हय! नारळ द्यायचा, नारळच परत. फकस्त फुटून, फूल लावून!"

वीस वर्षं या कामात आहे, इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं.

*

अण्णांनी स्क्रीनवर झाडाचं एक पान काढलं. 'शेजारी' फंक्शनने दोन झाली, 'वर'ने चार. त्या चारांचं मिळून एक चित्र धरून पुन्हा तेच. थोड्याच ओळींत स्क्रीनभर रान!

"सर, फॉरेस्टवाल्यांना सांगू नगासा, मोजायला येतील!"

मग पानाच्या जागी त्यांनी आपल्या म्हशीचा फोटो दिला. बाकी एक अक्षर बदललं नाही. अख्ख्या रानाच्या म्हशी झाल्या! वर्ग हसला. अण्णा मात्र देवळात राहावं तसे चप्पल काढून हात जोडून उभे राहिले.

*

सुशीला क्लासला आली ती एकाच कामासाठी. तिच्या सासूबाई गंगाअक्का जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवतात. तो नमुना गावात दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि अक्कांची नजर जात चाललेली. कसं शिवायचं विचारलं की एकच उत्तर, "हाताला ठावं हाय, तोंडाला न्हाई." सुई कायम पदराला टोचलेली, तिला कुणी हात लावायचा नाही.

सुशीलाने वाकळ बघून नमुना फंक्शनांत उतरवला. पण मधलं फूल काही केल्या जुळेना.

*

शेवटी ती अक्कांनाच घेऊन आली. त्यांना स्क्रीन दिसत नव्हता, म्हणून सुशीला वाचत गेली, "एक तुकडा. शेजारी तोच, फिरवून. मग दोन्ही एकेक उलटे फिरवून, जोडून खाली."

मांडीवर हलणारी अक्कांची बोटं थांबली.

"एकेक न्हाई गं. आदी जोड. मग जोडीच फिरीव!"

सुशीलाने ओळ बदलली. फूल उमटलं, आणि त्या फुलांची फुलं होत स्क्रीन भरून गेला! अक्कांनी सुशीलाकडे तोंड वळवलं.

"जुळलं?"

"व्हय, आत्ती."

अक्कांनी पदराची सुई काढली, चाचपत सुशीलाचा पदर शोधला आणि तिथं टोचली.