खाडीवरची होडी आणि ‘पाहिले’चा रकाना

मी कल्याणला शाळामास्तर आहे. माझ्या वर्गातली मुले हाताने लिहून एक मासिक काढतात. परवा त्यांतल्या एकाने मला विचारले, “मास्तर, बाजारावर लिहायला बाजारात जायलाच हवं का? बाजार काय मी पाहिलेला नाही?” त्याला मी इतका रागावलो की तो रडवेला झाला. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्याच्या वयात मी त्याच्याहून वाईट केले होते, आणि ते या मुलांना कधी सांगितले नव्हते.

ठाण्याच्या शाळेत असताना आम्ही सहा-सात मुलांनी असेच मासिक काढले होते. आमचे आठ पानी होते आणि शिळाछापावर निघे. खास शाईने कागदावर लिहायचे, तो कागद दगडावर दाबला की अक्षरे दगडावर उतरायची, मग दगडावरून प्रती काढायच्या. आमचा संपादक वर्गातला सर्वांत थोराड मुलगा, दोनदा नापास झालेला, मिसरूड फुटलेला. त्याचे अक्षर सुरेख, म्हणून सगळी पाने तोच लिहून काढी.

आमच्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी एक वही घालून दिली होती. विषय ठरला की आधी तिच्यात बेत मांडायचा: काय शोधायचे, कुणाला विचारायचे, केव्हा जायचे. त्यापुढे दोन रकाने, ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’. लेखातले प्रत्येक विधान या दोहोंपैकी एका रकान्यात बसलेच पाहिजे. “‘वाटले’ नावाचा रकाना मी आखू देणार नाही,” असे मास्तर म्हणत. आणखी एक शिस्त होती. ज्याच्याविषयी लिहिले त्याला लेख छापण्याआधी वाचून दाखवायचा.

मला विषय मिळाला खाडीवरच्या होडीचा. आम्ही कोपरीला राहत असू, धक्का घरापासून जवळ. खाडीपलीकडच्या गावांतून कचेरीच्या कामाला येणारे लोक त्या होडीने येत, उशिरा पोहोचत, आणि उशिराचे खापर होडीवाल्यावर फोडत. होडीवाला तिथलाच एक कोळी होता. होडी चालवण्याचा कचेरीने दिलेला मक्ता त्याच्याकडे होता. मी बेत मांडला: चार दिवस धक्क्यावर जाऊन पाहायचे, होडीवाल्याला विचारायचे, दोघा उतारूंना विचारायचे. बेत चांगला होता, हे मी आज मास्तर म्हणूनही सांगतो.

चार दिवस मी गेलो. रोज सकाळी बरोबर दहाला, कारण अकराला शाळा भरे. चारही दिवस होडी चिखलात कलंडलेली, होडीवाल्याचा पत्ता नाही. कोळीवाड्यात शिरून त्याला विचारायला मला संकोच वाटला. मासळीचा वास, अंगावर येणारी कुत्री आणि मोठमोठ्याने बोलणाऱ्या बाया, हे सगळे टाळून मी घरी येऊन लेख लिहिला. त्यात लिहिले, “ऐन कामाच्या वेळी होडीवाला ताडीच्या दुकानात बसलेला असतो.” वहीत त्या वाक्यापुढे खूण केली ‘पाहिले’च्या रकान्यात.

“वाचून दाखवलास त्याला?” संपादकाने विचारले.

“हो.”

“मग? चिडला असेल.”

“हसला,” मी म्हणालो. खोटे बोलताना इतके सोपे उत्तर कसे सुचले, कोण जाणे.

शनिवारी अंक छापून झाला. सोमवारी वाटायचा होता. प्रती संपादकाच्या घरी होत्या आणि एक मी आणली होती. रविवारी सकाळी वडिलांच्या पाटाजवळ ती पडलेली मला दिसली. वडील कचेरीत कारकून होते.

“हे तू लिहिलंस?” त्यांनी विचारले.

“हो.”

“स्वतः पाहिलंस?”

मी मान हलवली. कोणत्या दिशेला हलवली हे आज मला आठवत नाही, पण त्यांनी ती होकाराची धरली.

“बरं झालं. होडीच्या तक्रारी साहेबांकडे गेल्याच आहेत. मक्ता दुसऱ्याला द्यायचं घाटतंय, फक्त कुणी लिहून देत नव्हतं. उद्या हे दाखवतो.”

मला शाबासकी मिळाली होती. पण आपल्या एका वाक्याने एका माणसाची होडी जाणार, हे कळल्यावर मी प्रत उचलली आणि धक्क्याची वाट धरली. जाताना मनाशी म्हणत होतो, तो खरेच ताडीच्या दुकानात सापडला तर किती बरे होईल. हेही इथे कबूल करतो.

धक्क्यावर पोहोचलो तो पायरीपर्यंत पाणी. ज्या जागी चार दिवस चिखल पाहिला होता तिथे होडी डुलत होती, आणि होडीवाला उतारूंच्या टोपल्या खाली उतरवत होता. पन्नाशीचा, काळाभोर माणूस. त्याची बायको पायरीवर बसून जाळे सांधत होती.

“काका, तुमच्यावर लिहिलंय. वाचून दाखवायचं आहे,” मी म्हणालो.

“माज्यावर?” तो बायकोकडे वळला. “आयकलंस का गो? माज्यावर पोथी लिवलीय.”

“वाच रे भटा,” ती म्हणाली. “याचे गुन आमाला तरी कलू दे.”

मी वाचू लागलो. ताडीचे वाक्य आले तेव्हा ते गाळून पुढे गेलो. होडीवाल्याला अक्षर येत नव्हते, पण त्याची नजर माझ्या बोटावर होती.

“तुजा बोट उडी मारून गेला,” तो म्हणाला. “मदला वाच.”

मी वाचले. होडीवाल्याने हातातली टोपली खाली ठेवली. बायको मात्र खो खो हसत सुटली.

“पितो की!” ती म्हणाली. “होलीला पितो, लग्नात पितो. पन होडीत पाय ठेवताना नाय. आनि तू कवा पायलास रं? आमच्या आलीत तर तुजी सावली पन पडली नाय.”

“पाहिलं नाही,” मी म्हणालो. “चार दिवस दहाला आलो होतो. होडी चिखलात होती, म्हणून...”

“दहाला!” होडीवाल्याने कपाळाला हात लावला. “कंच्या तिथीला?”

तिथी मला तोंडपाठ होत्या, आमच्या घरी रोज पंचांग उघडे. “चतुर्थी ते सप्तमी.”

“शालेत पाऊनकी शिकवतात ना, पाऊनाचा पाढा? आज काय तिथी?”

“द्वादशी.”

“बारा पाऊन?”

“नऊ,” मी म्हणालो, आणि तेवढ्यात कचेरीच्या घड्याळाचे नऊ टोले ऐकू आले.

“नवाला भरती. बग पानी. आता सात पाऊन?”

“सव्वापाच.”

“सव्वापाचला भरती, तर दहाला काय आसंल? चिखल! चिखलात होडी तुजा बाप हाकंल?”

पाऊणकी मी पाच वर्षे रोज संध्याकाळी घोकत आलो होतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, आणि तिथी तर आमच्याच पंचांगात होत्या. पण पाणी घड्याळावर नाही तर तिथीवर चढते, हे विचारून घ्यायला मी शंभर पावले पुढे गेलो नव्हतो. कचेरी सकाळी अकरा वाजताची तारीख देई. पलीकडचे लोक पाणी नसले की थांबत, आणि उशीर झाला की होडीवाल्याचे नाव सांगत.

तिथून मी थेट संपादकाकडे गेलो आणि त्याला सगळे सांगितले, ‘हसला’ या शब्दासकट.

“गाढवा,” तो म्हणाला, “पुन्हा पान लिहायचं? माझा हात गळून पडेल.” मग दौत पुढे ओढून, “बोल. सांगत जा, मी लिहितो.”

दुपारी आम्ही मास्तरांकडे गेलो. मी छडीची वाट पाहत होतो. त्यांनी वही मागितली, ताडीच्या वाक्यापुढची खूण पाहिली आणि विचारले, “आता कुठल्या रकान्यात घालतोस?” मग ते स्वतःच छापखानेवाल्याच्या घरी गेले आणि रविवारचा छापखाना उघडायला लावला.

नव्या पानावर लेख निम्माच होता. उरलेल्या जागेत पुढच्या महिन्याच्या तिथी, आणि प्रत्येक तिथीपुढे भरती केव्हा आणि होडी कोणत्या वेळेत चालेल ते. गणित मी केले आणि छापण्याआधी संध्याकाळी होडीवाल्याकडून तपासून घेतले. दोन ठिकाणी त्याने अर्ध्या तासाची दुरुस्ती सांगितली.

वडिलांना सांगणे सर्वांत अवघड गेले. पण सोमवारी सकाळी नवे पान त्यांनी घडी करून खिशात घातले. त्या आठवड्यात ते कचेरीच्या भिंतीवर चिकटवले गेले आणि पक्षकारांना तारखेबरोबर होडीची वेळही सांगू लागले. तक्रारी थांबल्या. मक्ता होडीवाल्याकडेच राहिला. मला ते कळले तेव्हा मी शाळेच्या विहिरीवर पाणी पीत होतो, आणि इतके पाणी प्यालो की मागचा मुलगा ओरडला.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. ताडीच्या वाक्यापुढची ‘पाहिले’ची खूण खोडलेली आहे, आणि ‘ऐकले’च्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिले आहे: “होळीला व लग्नात पितो. सांगणार: त्याची बायको.” उद्या ती वर्गात नेणार आहे. आधी त्या मुलाच्या हातात देईन.